वजा दोन

अडीचचा गजर झाला आणि तो उठला.

एवढंच झालं. गजर व्हावा आणि माणसानं उठावं, यात नवल ते काय? पण ती टक्क जागी झाली. सत्तावीस वर्षांच्या संसारात हा माणूस गजरानं उठलेला तिनं पाहिला नव्हता. गजर वाजत राहायचा, तो घोरत राहायचा, दोघं आपापलं काम इमानेइतबारे करायचे, आणि उठायची ती. मग त्याला हलवायचं, पांघरूण ओढायचं, दिवा लावायचा, शेवटी कानाशी तोंड नेऊन "लिफ्ट अडकलीय, आत माणसं आहेत!" असं ओरडायचं, तेव्हा कुठे स्वारी एक डोळा उघडायची. लिफ्टदुरुस्तीवाल्याला दुसरं काही ऐकूच येत नाही, असं ती चारचौघांत हसत सांगायची. आणि आज? गजर धड वाजलाही नव्हता, उशीखाली फोन नुसता गुरगुरला होता, तोवर याचे पाय जमिनीवर. ती जागी होऊ नये म्हणून चपला न घालता, पलंगाच्या कडेला हात टेकत टेकत तो बाहेरच्या खोलीकडे निघाला. "काय झालं हो?" तिनं अंधारातच विचारलं. "काही नाही गं. बटणाला थंडी वाजत असेल, बघून येतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात झोपेचा लवलेश नव्हता. तिला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग जे आलं त्याला तिनं बराच वेळ नाव द्यायचं टाळलं. पण नाव सरळ होतं. तिला हेवा वाटत होता. पन्नाशी ओलांडलेल्या, कमावत्या, शहाण्यासुरत्या बाईला चमच्यात मावेल एवढ्या कासवाच्या पिल्लाचा हेवा वाटत होता.

बटण घरात येऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. एका इमारतीतले पाचव्या मजल्यावरचे भाडेकरू घर रिकामं करून गेले आणि जाताना लिफ्टजवळ बुटांचं एक खोकं सोडून गेले. वॉचमन ते कचऱ्यात टाकायला निघाला होता. यानं उघडून पाहिलं, तर आत वाळलेल्या पानावर हे. मग काय, यानं जेवणाच्या पिशवीतून डबा काढून हातात घेतला, खोकं पिशवीत ठेवलं आणि घरी आणलं. लिफ्टच्या जुन्या पट्टीवरची बटणं असतात ना, गोल, मधोमध थोडी फुगीर, कडेला रेघ, तशी त्याची पाठ होती म्हणे, म्हणून बटण. नाव ठेवायला त्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तिला तो सत्तावीस वर्षं "अगं" म्हणत आला होता. मुलाचं नाव शोधायला तिनं चार महिने घालवले होते आणि प्रत्येक नावावर यानं "चांगलंय की" एवढंच म्हटलं होतं. आता मात्र जिभेला पालवी फुटली होती. बटण जेवलं का, बटणानं आज मान बाहेर काढली, बटण माझा आवाज ओळखतं. "कासवाला कान असतात का तरी?" ती म्हणाली. "बाहेरून दिसत नाहीत, पण ऐकतं," तो म्हणाला. "काही जण तसे असतात." त्यावर तो स्वतःशीच हसला होता, आणि ते हसूही तिला टोचलं होतं.

गजर लावायचं सांगितलं होतं प्राण्यांच्या डॉक्टरनं. म्हणजे गजराचं नव्हे, थंडीचं. मोठ्या कासवाला रात्री हवा गार झालेली चालते, पण हे पिल्लू आहे, याच्या पेटीत रात्री वीस अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर खाणं सोडेल, सुस्तावेल, छाती भरेल आणि मग हाती काही लागायचं नाही. दिवसा दिवा चालेल, रात्री उजेड नको, त्यालाही रात्र लागते. हे सगळं यानं पाठ करून आणलं होतं. बहिणीकडून माशांची एक जुनी काचेची पेटी आणली, तळाशी माती पसरली, तीन बाजूंनी जाड पुठ्ठा लावला, आणि काचेला बाहेरून टेकवून ठेवायला, तिला न विचारता, तिची गरम पाण्याची रबरी पिशवी घेतली. तिची. कंबरदुखीवर ती जी गेली नऊ वर्षं वापरत होती आणि जी नऊ वर्षं तिची तीच भरून घेत होती. पाणी तापवायचं, दुखऱ्या कमरेनं उभं राहून ते नरसाळ्यातून ओतायचं, बूच घट्ट करायचं, टॉवेल गुंडाळायचा. आता तो टॉवेल कसा सुबक गुंडाळतो ते तिनं दारातून पाहिलं. कोपरे आत दुमडून, पाणी कुठे झिरपतंय का ते गालाला लावून बघत. रात्री अकराला एकदा आणि अडीचला एकदा पिशवी भरायची, म्हणून गजर. "आणि माझी कंबर?" असं ओठांवर आलेलं तिनं गिळलं. विचारलं असतं तर त्यानं दुसरी पिशवी आणून दिली असती, तेही संध्याकाळच्या आत. तिला दुसरी पिशवी नको होती.

त्या रात्री तो परत येऊन झोपला, घोरायलाही लागला, आणि तिचा मात्र डोळ्याला डोळा लागेना. छताकडे बघत ती जुन्या रात्री मोजत राहिली. मुलगा आठ महिन्यांचा होता तेव्हा त्याला रात्री-अपरात्री ताप चढायचा आणि कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला यायचा. लागोपाठ अकरा रात्री ती त्याला उभा धरून खोलीत येरझारा घालत होती. खिडकीपासून कपाटापर्यंत सात पावलं, कपाटापासून खिडकीपर्यंत सात. आणि पलंगावर हा, भिंतीकडे तोंड करून, ढिम्म. त्या अकरा रात्री तिनं जपून ठेवल्या होत्या. भांडणात वापरल्या नाहीत, माहेरी सांगितल्या नाहीत. पण मनात त्यांची घडी मोडू दिली नाही. त्याच्या कुठल्याही चांगुलपणासमोर ठेवायला त्या तिला पुरायच्या. माणूस साधा आहे, निर्व्यसनी आहे, पगार हातात आणून देतो, सगळं खरं. पण पोरासाठी एकदा उठला नाही हो. आणि त्याला काय दोष द्यायचा, झोपच तशी त्याची, असं म्हणून ती त्याला माफही करून टाकायची. झोपेला इलाज नसतो. या एका समजुतीवर तिचा संसार सुखानं उभा होता. आज त्या समजुतीचा पार फज्जा उडाला होता. म्हणजे उठता येत होतं! उठायचं नव्हतं, एवढंच.

सकाळी चहाच्या वेळी त्यानं विचारलं, "तुझ्या कारखान्यातून एक थर्मामीटर आणशील का गं? हातानं अंदाज येत नाही. कधी वाटतं गार आहे, कधी वाटतं बरंय." तिनं कप खाली ठेवला. तीस वर्षं ती थर्मामीटरच्या कारखान्यात तपासणीला होती, आणि घरात आजवर एकही थर्मामीटर आलेला नव्हता. तिच्या कामातलं त्यानं कधी काही मागितलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. आता मागितलं, तर ते कुणासाठी?

तिचं काम ऐकायला सोपं आहे. भिंतीवर टांगायचे, लाकडी पट्टीवरचे थर्मामीटर तयार होऊन येतात. समोर दोन घमेली: एकात बर्फाचा चुरा आणि पाणी, दुसऱ्यात कोमट पाणी. दर घमेल्यात एक लांबलचक, जुना, अगदी खात्रीचा थर्मामीटर कायमचा उभा. त्याच्याशी पडताळून बाकीच्यांची चूक काढायची. त्या खात्रीच्या थर्मामीटरला सगळ्याजणी सासूबाई म्हणत. "सासूबाई काय म्हणतायत?" "सासूबाई शून्य म्हणतायत, ही भवानी दोन म्हणतेय." मग त्या भवानीच्या पट्टीवर मागच्या बाजूला ठिपके. जास्त दाखवत असेल तर तांबडे, कमी दाखवत असेल तर निळे, जितके अंश तितके ठिपके. ठिपके पडले की रवानगी बादच्या पेटीत. डोळा तांबड्या रेघेच्या बरोबर समोर आणायचा, वरून नाही, खालून नाही, आणि श्वास रोखून वाचायचं, कारण तोंडाची वाफसुद्धा काचेला कळते. नवीन लग्न झालेलं असताना हे सगळं तिनं त्याला एका रात्री हौसेनं सांगितलं होतं. सासूबाई, भवानी, तांबडे ठिपके, निळे ठिपके. सांगता सांगता तिचं तिलाच हसू येत होतं. आणि ती "निळे ठिपके" म्हणते न म्हणते तोच शेजारून घोरणं ऐकू आलं होतं. ती गप्प झाली होती. दुसऱ्या दिवशी तो "पुढे काय झालं?" असं विचारेल म्हणून तिनं वाट पाहिली, तिसऱ्या दिवशीही पाहिली, मग घरात कारखान्याचा विषय काढायचा नाही असं तिनं ठरवून टाकलं, आणि ठरवलेलं पाळायला ती पक्की होती.

"सवत आणलीय म्हण की घरात!" समोरच्या टेबलावरची चष्मेवाली खो खो हसत म्हणाली. "रात्री उठतो, पिशव्या भरतो, गालाला लावून बघतो! आमच्या ह्यांनी मला कधी पाण्याचा पेला दिला नाही गं. ही सवत तर दोन बोटांएवढी, कर्तृत्व बघ!" तीही हसली. हसताना हातातला थर्मामीटर हलला आणि आकडा परत वाचावा लागला. दुपारी तिनं तपासून ठीक ठरलेल्यांच्या ताटात हात घातला. कामगारांना एखादा घरी न्यायची मुभा होती, वहीत सही केली की झालं. हात ताटावर होता. एक उचललाही. मग तिच्या डोळ्यांसमोर तो टॉवेल आला, त्याचे आत दुमडलेले कोपरे आले. तिनं तो परत ठेवला आणि बाजूच्या बादच्या पेटीतून एक काढला. मागे दोन तांबडे ठिपके. वीस दाखवेल तेव्हा खरे अठरा असतील. आपण असं का केलं हे तिनं स्वतःला विचारलं नाही. बादच्याला सही लागत नाही, उगाच वहीत कशाला खरडा, असं काहीतरी पुटपुटली. ठिपके तिनं खरवडले नाहीत. नख लावून क्षणभर पाहिलं, पण नाहीच खरवडले. मी लपवलं थोडंच? उलटं करून बघितलं तर कुणालाही दिसतील. फक्त त्यांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता, आणि तो ठाऊक नसण्यात तिचा काय दोष? ती तर सांगत होती. झोपलं कोण?

घरी आल्यावर त्यानं थर्मामीटर हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला, पट्टीवरून अंगठा फिरवला. "वा! आता काळजी मिटली," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला की तिला स्वयंपाकघरात निघून जावं लागलं. त्यानं तो पेटीत आतल्या बाजूनं लावला, शेजारी एक वही ठेवली, वहीला दोऱ्यानं पेन्सिल बांधली. लिफ्टच्या खोलीत असते तशी. दुरुस्तीवाल्यांना तारीख, वेळ, काय केलं, सही, एवढं लिहायची सवयच असते. तेव्हापासून रात्री पिशवी भरून तो परत आला की ती अंधारात विचारायची, "किती?" तो सांगायचा, "बावीस." आणि तिचं मन आपोआप, तीस वर्षांच्या सवयीनं, वजा दोन करायचं. वीस. ठीक आहे. चालतंय. काही बिघडत नाही. ती कूस बदलायची.

पण थंडी वाढत गेली. पहाटे खिडकीच्या काचांवर धुकं जमायला लागलं, रस्त्यावरची माणसं खांदे कानांपर्यंत उचलून चालायला लागली, आणि आकडा उतरायला लागला. "एकवीस." म्हणजे एकोणीस. "किती?" "एकवीसच आहे." एकोणीस. ती पडल्या पडल्या वजाबाकी करायची आणि पांघरूण डोक्यावरून ओढायची. त्या कोपऱ्याकडे ती चुकूनही फिरकत नव्हती. झाडलोट तिकडची तोच करायचा. पाहुणी असल्यासारखी ती आपल्याच घरात त्या पेटीला वळसा घालून जायची. त्याच्या तोंडून आकडा ऐकणं वेगळं आणि आपल्या डोळ्यांनी तो जीव बघणं वेगळं. ते तिला झेपलं नसतं. एकदा तो काळजीनं म्हणाला, "आज पान नुसतं हुंगलं गं, खाल्लं नाही. डोळे मिटून बसलंय." आताच सांगून टाक, तिनं स्वतःला बजावलं. चुकून बादचा आला म्हणावं, उद्या बदलून आणते म्हणावं, एका वाक्याचं काम आहे. तेवढ्यात त्यानं ते पिल्लू उचललं, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि आत, छातीपाशी धरलं. स्वेटरवरून त्यावर तळहात ठेवला. असा, काहीही न करता, डोळे मिटून तो पाऊण तास बसला. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो हात. आपला मुलगा त्या हाताखाली कधी असा झोपला होता? आपण झोपलो होतो? झोपलो असू, फार वर्षांपूर्वी. पण आता ते आठवायलासुद्धा जोर लावावा लागत होता. तिनं सांगितलं नाही. "मरेना का!" असं ती मनातल्या मनात म्हणाली, आणि स्वतःचे शब्द ऐकून तिला दरदरून घाम फुटला.

रविवारी मुलाचा फोन आला. तो दूरच्या शहरात नोकरीला होता. बापानं फोन पेटीसमोर धरून त्याला बटण दाखवलं, दिनक्रम सांगितला, अडीचच्या गजराचं सांगितलं. मुलगा पोट धरधरून हसला. "बाबा, माझ्यासाठी कधी उठला होतात का हो?" तो थट्टेतच म्हणाला. तिनं कान टवकारले. इतकी वर्षं तिनं जे विचारलं नाही ते पोरानं हसता हसता विचारलं होतं. आता बघू काय उत्तर देतो. पण नवरा नुसता हसला. मग एकदा तिच्याकडे पाहिलं, चटकन नजर वळवली, आणि म्हणाला, "तुझी आई होती ना." एवढंच. या चार शब्दांत तक्रार होती का? नसावी. कौतुकही नसावं. पण ती नजर तिच्या मनात रुतली, आणि त्या अकरा रात्रींच्या घडीतून, इतकी वर्षं दुमडून ठेवलेली एक रात्र अलगद बाहेर घसरली.

तिसरी किंवा चौथी रात्र असेल. तो उठला होता. हो, उठला होता! पोर तिच्या खांद्यावर भुंकल्यासारखं खोकत होतं, आणि हा कुठूनसा एक फडका भिजवून घेऊन आला होता. फडका धड पिळलेला नव्हता, पाणी ठिबकत होतं. त्यानं तो पोराच्या कपाळावर ठेवला तशी पाण्याची धार त्याच्या मानेवरून झबल्यात गेली आणि पोरानं टाहो फोडला. ती त्याच्या अंगावर ओरडली होती, "व्हा तिकडे! तुम्हाला काय कळतंय यातलं? मारायचंय का त्याला?" तो फडका हातात धरून दारात उभा राहिला. पाणी त्याच्या पायांवर गळत होतं. बराच वेळ उभा राहिला. तिनं पुन्हा बघितलं तेव्हा दारात कुणी नव्हतं आणि पलंगावर त्याची पाठ होती. त्यानंतर तो उठला नाही. ही रात्र ती दरवेळी मोजायची, पण आत काय आहे ते न बघता मोजायची. आणि आणखी एक गोष्ट तिला आता, भांडी घासता घासता, स्वच्छ कळली आणि तिचे हात साबणाच्या पाण्यात तसेच थांबले: त्या रात्री तिला बरं वाटलं होतं. पोर आपलं एकटीचं झालं म्हणून.

त्या आठवड्यात थंडीनं कहर केला. बुधवारी एका इमारतीतली लिफ्ट मध्येच अडकली, आत म्हातारं जोडपं, आणि हा सकाळी सातला गेलेला रात्री दहाला परत आला. खांदा आखडलेला, बोटं ग्रीझनं काळी. दोन घास खाल्ले न खाल्ले, अकराची पिशवी भरली, आणि पलंगावर आडवा झाला. "किती?" तिनं विचारलं. "वीस," तो म्हणाला, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत घोरायला लागला.

वीस. म्हणजे अठरा. तेही अकरा वाजता, पिशवी गरम असताना. अडीचला गजर झाला. फोन उशीखाली गुरगुरला, थांबला, पुन्हा गुरगुरला. तो उठला नाही. जुना, ओळखीचा, लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून राहिला. तिनं हात पुढे केला, त्याला हलवायला. आणि हात हवेतच थांबला. नाही हलवलं तर? पहाटेपर्यंत पिशवी बर्फ होईल, पेटीत सोळा होतील, पंधरा होतील. सकाळी तो उठेल, धावत जाईल. कुणाचा दोष? झोपेचा. झोपेला इलाज नसतो. ती त्याला जवळ घेईल, समजूत घालेल, दमला होतात हो तुम्ही, म्हणेल. पुन्हा घरात दोघंच. ती समजूत सुद्धा पुन्हा जागेवर, न उठणारा नवरा आणि उठणारी ती. सगळं कसं जिथल्या तिथे. फोन तिसऱ्यांदा गुरगुरला आणि बंद झाला. ती पडून राहिली. दोन मिनिटं, पाच मिनिटं, कितीतरी मिनिटं. तिला आपला श्वास ऐकू येत होता. मग तिला दार दिसलं, दारात फडका घेऊन उभा असलेला माणूस दिसला, आणि आपलाच आवाज ऐकू आला: मारायचंय का त्याला? ती ताडकन उठून बसली.

बाहेरच्या खोलीतली फरशी बर्फासारखी होती. तिनं आधी पाणी तापत ठेवलं, मग फोनचा उजेड बोटांआड धरून पेटीवर वाकली. पिल्लू मातीत अर्धं रुतून कोपऱ्यात बसलं होतं. तिनं ते उचललं. पहिल्यांदाच. वजन असं नव्हतंच, पाठ थंडगार. "अगं बाई," ती म्हणाली, "ए, बटण. ए सोन्या." काही नाही. तिनं ते गळ्यापाशी, शालीच्या आत धरलं आणि उभ्या उभ्या डोलायला लागली. आपण डोलतोय हे तिच्या लक्षातही आलं नाही. थोड्या वेळानं मानेच्या खळगीत काहीतरी खरखरलं. एक पाय. मग दुसरा. नखं इवलीशी, पण चांगली टोचत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

पाणी तापल्यावर तिनं पिशवी भरली, टॉवेलचे कोपरे आत दुमडून गुंडाळली. ती काचेला टेकवायच्या आधी सवयीनं गुडघे टेकले, डोळा तांबड्या रेघेसमोर आणला, श्वास रोखला आणि वाचलं. एकवीस.

तिनं परत वाचलं. एकवीसच. हे कसं शक्य आहे? अकराला वीस होतं. त्यावर पावणेचार तास थंडी पडली, पिशवी गार झाली, आणि आकडा वर चढला? थर्मामीटर दोन अंश खोटं बोलेल, पण रोज तेवढंच बोलेल. थंडीत चढणारा थर्मामीटर तिनं तीस वर्षांत पाहिला नव्हता. मग अकराला त्यावर वीस नव्हतं. जास्त होतं. बावीस असणार. आणि तो म्हणाला वीस. तिनं वही ओढली. रात्री अकरा, वीस. कालची अडीच, एकवीस. परवाची, एकवीस. पानं उलटता उलटता ती पहिल्या पानावर आली. थर्मामीटर आणला त्या दिवसाची तारीख होती, आणि खाली त्याच्या चौकोनी, दुरुस्तीच्या वहीतल्या अक्षरात लिहिलं होतं: मागे दोन तांबडे ठिपके. दोन जास्त दाखवतो. वाचून वजा दोन करणे. त्याखाली, जिथे माहिती कुणाकडून मिळाली ते लिहायची त्यांची पद्धत असते, तिथे लिहिलं होतं: ती म्हणाली होती.

म्हणजे गेले दोन आठवडे वजा दोन तोही करत होता आणि त्यावर पुन्हा वजा दोन तीही करत होती. त्याच्या पेटीत कधीच अठरा झाले नव्हते. अठरा तिच्या डोक्यात होते. तिनं पिशवी काचेला टेकवली, पिल्लू परत मातीत ठेवलं, उबेच्या बाजूला, आणि झोपायच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पाय आत जाईना.

"किती?" अंधारातून त्याचा आवाज आला.

"एकवीस होतं. आता चढतंय."

"म्हणजे एकोणीस. वेळेवर उठलीस." तो कण्हत कुशीवर वळला. "गजर झाला नाही का गं?"

"झाला." ती थांबली. "ठिपक्यांचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच की. लग्नानंतर लगेच. सासूबाई, भवानी, काय काय."

"तुम्ही तर घोरत होतात."

"घोरत असेन," तो म्हणाला. "पण ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी विचारणार होतो, तर तुझं तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं." जांभई देऊन तो पुढे म्हणाला, "मला ठाऊक आहे म्हणूनच तू बिनधास्त बादचा आणलास ना. बरोबर केलंस. चांगला कशाला वाया घालवायचा?"

दार उघडं होतं. नुसतं "हो" म्हटलं की सुटका होती. तो झोपला असता, सकाळी चहा झाला असता, आणि ही गोष्ट कुणालाही, कधीही कळली नसती. तिनं चौकट घट्ट धरली.

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक नाही म्हणून आणला."

अंधारात त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता, जड, एका लयीत. त्या निळ्या ठिपक्यांच्या रात्रीनंतर सत्तावीस वर्षं, तो असा गप्प झाला की तो झोपला असं धरून तिनं पाठ फिरवली होती. आजही तेवढंच करायचं होतं. पण ती पुढे झाली. पलंगाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेली, गुडघे टेकले, थर्मामीटर वाचायला डोळा आणायची तसा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आणला, आणि फोनचा उजेड बोटांआडून सोडला.

त्याचे डोळे उघडे होते.

तो तिच्याकडे बघत होता. रागानं नाही, आणि राग नाही असंही म्हणता येणार नाही. बाहेरच्या खोलीत मातीत काहीतरी खरखरल्याचा आवाज आला. दोघांनीही तो ऐकला.

"चारला पुन्हा बघावं लागेल," ती म्हणाली. "मी उठते."

त्यानं रजई खांद्यावर ओढून घेतली. ओढताना तिच्या बाजूची कडा तेवढी मोकळी सोडली.

"वजा दोन कर," तो म्हणाला. "विसरशील."